पिचरच्या हातातली बॅट काढून घेतली ते बरं झालं का?

बे_एरियातला_सातारकर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. इथे क्रिकेटचे दर्दी शेकड्यांनी आहेत, बेसबॉल बघणारे थोडे, तरी विषय असा आहे की क्रिकेटवाल्यांनाही लगेच पोचेल.

आधी नियम सांगतो, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने बॅटिंग करतात, नववा झाला की परत पहिला येतो, असं चक्र फिरत राहतं. पूर्वी पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बॉलर, ह्या नवांतलाच एक असायचा, बहुतेक वेळा शेवटचा. डीएच म्हणजे डेझिग्नेटेड हिटर. हा माणूस पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करतो, फिल्डिंगला उतरतच नाही. अमेरिकेत मोठ्या दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. अमेरिकन लीगने हा नियम १९७३ साली आणला. ६ एप्रिल १९७३ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला. नॅशनल लीग मात्र जवळजवळ पन्नास वर्षं अडून बसली. २०२० ला कोविडच्या सीझनपुरता डीएच घेतला, २०२१ ला पिचर परत बॅट घेऊन आले, आणि २०२२ पासून दोन्हीकडे कायमचा डीएच.

आता माझं दुखणं. २०१४ च्या जुलैत वडील साताऱ्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आले होते. १३ तारखेचा रविवार होता, त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या मैदानावर घेऊन गेलो, जायंट्स विरुद्ध ॲरिझोना. खेळ काही त्यांना कळेना, भाजलेल्या खारवलेल्या शेंगांची पिशवी मात्र आवडली, फक्त टरफलं पायाशीच टाकायची म्हटल्यावर अवघडले आणि सगळी रुमालात गोळा करत बसले. मग बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं असताना मॅडिसन बमगार्नर बॅटिंगला आला. वडील म्हणाले, अरे हा तर मगाचचा बॉलर ना? म्हटलं हो. डावखुरा पिचर पण बॅट उजव्या हाताने. आणि त्याने बॉल सरळ प्रेक्षकांत घातला, एका फटक्यात चार रन. वडील उभे राहिले, रुमालातली टरफलं सगळी खाली सांडली, आणि मला म्हणाले, "तळाच्याने मारलं ना की जास्तच बरं वाटतं रे." त्याच मॅचमध्ये कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत विकेटकीपर, बस्टर पोझीनेही असाच ग्रँड स्लॅम मारला होता, पिचर आणि कॅचर दोघांनी एकाच मॅचमध्ये मारायची ती पहिलीच वेळ.

वडील आता नाहीत. त्या दिवसाचं मला जे आठवतं ते आता कुणाला दिसूच शकत नाही, नियमानेच बंद केलंय.

२३ जून १९७१ ला फिलीजच्या रिक वाइजने सिनसिनाटीला एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) दिली नाही आणि त्याच मॅचमध्ये स्वतः दोन होमरन मारले. ब्रेव्ह्जच्या टोनी क्लोनिंगरने १९६६ मध्ये एका मॅचमध्ये दोन ग्रँड स्लॅम मारले, पिचर असून नऊ रन आणले. वॉरन स्पान ३६३ मॅच जिंकला आणि बॅटने हिटही बरोबर ३६३. ही माणसं पिचर होती.

माझं म्हणणं साधं आहे, मैदानात उतरलेल्या प्रत्येकाने बॅट धरली पाहिजे. तुमचं काय मत?

आकडेमोड

धागा छान, वडिलांची आठवण फारच आवडली. पण मत पटलं नाही.

आठवणीत बमगार्नर राहतो कारण तो अपवाद होता. बाकीचं आपण विसरतो. २०२१ ला, म्हणजे पिचर शेवटचे बॅटिंगला आले त्या वर्षी, सगळ्या पिचरांचं मिळून ॲव्हरेज .११० होतं. शंभर वेळा उभे राहिले तर अकरा हिट. १९६२ मध्ये बॉब बूल ७० वेळा उभा राहिला, हिट शून्य, सीझनभर भोपळा फुटला नाही. तुम्ही तिकीट काढून गेलात तर दहात नऊ वेळा बघायला मिळायचं ते हे, माणूस येतो, तीन बॉल बघतो, परत जातो, किंवा बंट करून, म्हणजे बॉल नुसता हळूच ढकलून, स्वतः आउट होतो आणि पुढच्याला एक बेस सरकवतो.

आणि डीएच काही कुणाच्या लहरीवर आलेला नाही. १९६८ हे पिचरांचं वर्ष. बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगला सरासरी १.१२ रन दिले. अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये .३०० च्या वर एकटा कार्ल यास्त्रेम्स्की, तोही .३०१. पुढच्या वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० वर आणली, तरी अमेरिकन लीगला रन आणि प्रेक्षक दोन्ही पाहिजे होते. ओकलंडचा मालक चार्ली फिनली डीएचच्या मागे लागला होता, जानेवारी १९७३ मध्ये मालकांनी ८ विरुद्ध ४ ने पास केलं. कल्पना तर त्याहून जुनी आहे, १९०६ मध्ये कॉनी मॅकने मांडली होती.

डीएच नसता तर एड्गर मार्टिनेझ, डेव्हिड ऑर्टिझ आपल्याला इतकी वर्षं दिसले असते का? हँक ॲरनची शेवटची दोन वर्षं मिलवॉकीला डीएच म्हणूनच गेली. एका बाजूला .११०, दुसऱ्या बाजूला हे लोक.

कल्याण_लोकल

मी बेसबॉल फारसा बघत नाही पण हे वाचून गप्प बसवेना, कारण हेच आपल्याकडे चालू आहे, इम्पॅक्ट प्लेयर!

३१ मार्च २०२३, अहमदाबाद, आयपीएलची पहिली मॅच, चेन्नईने रायुडूला काढून तुषार देशपांडेला आणला, आयपीएलमधला पहिला इम्पॅक्ट प्लेयर आमच्या कल्याणचा पोरगा. त्या दिवशी आम्हाला केवढा आनंद. पण मग जसजसा सीझन पुढे गेला तसं लक्षात आलं की बॉलरला बॅटिंग यायची गरजच उरली नाही आणि बॅट्समनला बॉल टाकायची. रोहित शर्मा २०२४ मध्ये उघड बोलला की आपल्याला हा नियम पटत नाही, ऑलराउंडर मागे पडतात, शिवम दुबेचं आणि वॉशिंग्टन सुंदरचं नाव घेतलं त्याने. त्याच वर्षी बोर्डाने मुश्ताक अली स्पर्धेतून तो नियम काढलासुद्धा, आयपीएलमध्ये मात्र ठेवला.

आणि सातारकर, तळाच्याने मारण्याबद्दल तुमचे वडील बोलले ते शंभर टक्के खरं. २००४, ढाका. सचिनचे नाबाद २४८ सगळ्यांना आठवतात, पण आम्ही जी गर्दी करून बघत होतो ती श्रीरामपूरचा झहीर अकराव्या नंबरवर येऊन मारत होता म्हणून. ७५ केल्या त्याने, शेवटच्या विकेटला १३३. आगरकरचं पण तेच, ऑस्ट्रेलियाविरुद्ध शून्यांची रांग लावली होती, लोकांनी किती टोमणे मारले, आणि २००२ मध्ये त्याच माणसाने लॉर्ड्सवर शतक ठोकलं. त्या शून्यांच्या वेळीच कुणी म्हटलं असतं की बॉलरच्या जागी दुसरा खेळवा, तर लॉर्ड्स झालंच नसतं ना.

आकडेमोड

@कल्याण_लोकल, उदाहरणं जबरी आहेत, पण एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये शेपूट एकदाच येतं आणि शेवटी येतं. तोवर वरच्यांनी काय करायचं ते करून झालेलं असतं. आणि तळाचा माणूस रन न करताही उभा राहू शकतो, एक बाजू लावून धरली तरी टीमला उपयोग.

बेसबॉलमध्ये चक्र आहे. पिचर मॅचमध्ये दोन-तीन वेळा येतो, तेही अगदी मध्येच, चांगली लय लागलेली असताना. एका इनिंगमध्ये तीनच आउट मिळतात, त्यातला एक तुम्ही जवळजवळ फुकट देताय. समोरच्या टीमलाही हे माहीत असतं, म्हणून आठव्या नंबरच्याला मुद्दाम वॉक देऊन पहिल्या बेसवर पाठवतात आणि पिचरला गाठतात. क्रिकेटमध्ये असं काही नाही.

बे_एरियातला_सातारकर

@आकडेमोड, तुम्ही ज्याला दोष म्हणताय तोच मला खेळाचा गाभा वाटतो!

असं बघा. सहावी इनिंग, आपण एका रनने मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपली माणसं, दोन आउट, आणि पिचरची पाळी. तो पिचर मस्त टाकतोय, त्याच्या हातात अजून दोन इनिंग शिल्लक आहेत. मॅनेजरने काय करायचं? त्याला काढून पिंच हिटर, म्हणजे त्याच्या जागी बॅटिंगला दुसरा माणूस, पाठवला तर रनची आशा वाढते, पण पिचर गेला, परत येऊ शकत नाही, उरलेल्या इनिंग बुलपेनवर, म्हणजे राखीव पिचरांवर. ठेवला तर बहुतेक आउट. त्या वेळी मैदानात सगळ्यांची मान बॅट घेऊन तयार कोण उभा राहतो तिकडे वळायची. पिंच हिटर डगआउटमधून बाहेर आला की एक आवाज व्हायचा, आणि पिचरच हेल्मेट घालून आला की वेगळाच आवाज. मी दोन्ही ऐकलेत. चाळीस हजार लोक एकाच वेळी मॅनेजरच्या जागी बसून विचार करायचे. दोन खेळाडू एकदम बदलून पिचरची पाळी लांबवायची ती डबल स्विचची युक्ती, टोनी ला रुसाने सेंट लुईसला पिचरला नवव्याऐवजी आठव्या नंबरवर खेळवून बघितलं ते, हे सगळं त्या कच्च्या दुव्यामुळे होतं. दुवा पक्का केला, विचार करायचं कारण गेलं.

पिचरची_आई

पहिल्यांदाच लिहितेय इथे, नेहमी नुसती वाचते. न्यू जर्सीत राहतो आम्ही, मुलगा दहावीत आहे आणि हायस्कूलच्या टीममध्ये पिचर आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचा आहे.

आधी दुखापतीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. २००८ मध्ये यांकीजचा चिएन-मिंग वांग ह्यूस्टनला खेळायला गेला, नॅशनल लीगचं मैदान म्हणून तिथे पिचरला बॅटिंग करावी लागायची, बेसेस पळताना पाय दुखावला आणि त्याचा सीझन तिथेच संपला, त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच दिसला नाही. २०१५ ला ॲडम वेनराइट, बॉल मारून पळायला निघाला आणि टाचेचा स्नायूबंध गेला. २०१७ ला मिलवॉकीचा जिमी नेल्सन, पहिल्या बेसवर परत सूर मारताना खांदा. हे वाचलं ना की मला वाटतं नकोच ती बॅटिंग, पोराचा खांदा सांभाळायचा म्हणून मी रात्री बर्फाच्या पिशव्या करून देते आणि तो कुठे बेसवर धडपडला तर काय करायचं.

पण दुसरी बाजू पण मीच बघितली आहे. हा दहा-बारा वर्षांचा असताना लिटल लीगला तिसऱ्या नंबरवर बॅटिंग करायचा, सगळ्यात जास्त त्याला तेच आवडायचं, पिचिंग नंतर. मग हात चांगला आहे म्हणून पिचर केला आणि चौदाव्या वर्षापासून त्याच्या जागी दुसरा मुलगा डीएच. कोच माणूस चांगला आहे, त्याने समजावून सांगितलं की तू पिचिंगवर लक्ष दे. हा काही बोलला नाही. पण बॅट गॅरेजमध्ये आहे आणि अधूनमधून संध्याकाळी दिवा लावून एकटाच फिरवत असतो, आवाज येतो मला स्वयंपाकघरात, सुईई असा. बॉल नाहीच, नुसती हवेत.

@आकडेमोड, तुमचं .११० खरंच असेल. पण ज्या मुलांना चौदाव्या वर्षापासून बॅट दिली नाही त्यांनी पंचविसाव्या वर्षी किती मारायचं हो?

आकडेमोड

@पिचरची_आई, हा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. .११० हे पिचरांच्या अंगात काय आहे त्याचं माप नाही, त्यांना सराव किती दिला त्याचंही आहे. जुने आकडे बघितले तर फरक दिसतो. वेस फेरेलने पिचर म्हणून ३७ होमरन मारले, १९३१ ला एकाच सीझनमध्ये ९. वॉल्टर जॉन्सन १९२५ मध्ये .४३३. डॉन न्यूकम १९५५ ला .३५९ आणि ७ होमरन, त्याला तर डॉजर्स पिंच हिटर म्हणूनही पाठवायचे. मग हळूहळू प्रत्येक पायरीवर पिचर वेगळा काढला गेला, शाळेत, कॉलेजात, मायनर लीगमध्ये, आणि वर पोचेपर्यंत बॅट हातात अनोळखी झाली. त्यात समोरून येणाऱ्या बॉलचा वेग वाढत गेला. म्हणजे आता वरच्या पातळीवर पिचरला जबरदस्तीने उभा करण्यात अर्थ नाही ह्या मतावर मी आहेच, पण खाली मुलांच्या हातून काढून घेणं वेगळं.

एक कामाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत हायस्कूलच्या नियमात २०२० पासून बदल आहे. जो मुलगा पिचिंग करतोय तोच स्वतःचा डीएच म्हणूनही लिहिता येतो. पिचिंगवरून काढला तरी बॅटिंग चालू ठेवता येते. कोचला विचारून बघा.

पिचरची_आई

हे मला माहीतच नव्हतं!! विचारते.

नागोयाहून

धागा वाचून राहवलं नाही, जपानमधून थोडं लिहितो. मी नागोयाला बारा वर्षं आहे, इथली टीम चुनिची ड्रॅगन्स. वर न्यूकमचं नाव आलं म्हणून सांगतो, तो १९६२ मध्ये ह्याच ड्रॅगन्सकडून खेळला, आणि पिचर म्हणून नाही, मुख्यतः बॅटर म्हणून. इथले म्हातारे अजून सांगतात.

जपानमध्येही दोन लीग. पॅसिफिक लीगने १९७५ ला डीएच घेतला, सेंट्रल लीगने नाही, आणि ड्रॅगन्स सेंट्रलमध्ये म्हणून मी इतकी वर्षं पिचरची बॅटिंग बघत आलोय. पण ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं, २०२७ पासून सेंट्रल लीगमध्येही डीएच. त्याच आठवड्यात शाळांच्या बेसबॉलचं पण आलं, कोशिएनला २०२६ च्या वसंतातल्या स्पर्धेपासून डीएच. सेंट्रल लीगपेक्षा मला हे जास्त लागलं. कोशिएन म्हणजे इथे काय आहे ते सांगून कळणार नाही, अख्खा देश टीव्हीसमोर, आणि त्यात टीमचा एक्का पिचर तोच चौथ्या नंबरचा मुख्य बॅटर हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांत आहे. पण कारणंही खोटी नाहीत. ऑगस्टचं ऊन इथलं भयंकर, पिचर मुलांवर ताण पडतो, शिवाय बेंचवरच्या एका जास्तीच्या मुलाला खेळायला मिळतं.

आता शोहेई ओहतानी, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा. सगळे म्हणतात ओहतानीने डीएचवाल्यांची तोंडं बंद केली. मला उलट वाटतं, डीएच होता म्हणून ओहतानी झाला. तो हायस्कूल संपवून थेट अमेरिकेला जाणार होता, निप्पॉन-हॅम फायटर्सनी तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याला घेतलं आणि समोर प्रस्ताव ठेवला की तू दोन्ही कर. मॅनेजर कुरियामा. जुन्या खेळाडूंनी केवढी टीका केली तेव्हा, दोन दगडांवर पाय ठेवतोय, एकातही धड होणार नाही. पण फायटर्स पॅसिफिक लीगमधली टीम. पिचिंग नसेल त्या दिवशी ओहतानीला डीएच म्हणून उभं करता यायचं, हाताला विश्रांती आणि बॅट चालू. सेंट्रलमध्ये असता तर त्या दिवशी त्याला फिल्डिंगला पळवावं लागलं असतं, नाहीतर बेंचवर. २०१६ ला दहा मॅच जिंकला, दर नऊ इनिंगला १.८६ रन, आणि २२ होमरन. त्याच वर्षी जुलैत एका मॅचला पिचर आणि पहिल्या नंबरचा बॅटर असा उतरला आणि मॅचच्या पहिल्याच बॉलला होमरन. पिचिंगला जाण्याआधीच स्वतःच्या टीमला पुढे नेऊन ठेवलं.

तेव्हा प्रश्न डीएच पाहिजे की नको हा नाही असं मला वाटतं. पिचरला बॅटिंगची मुभा राहते की नाही, एवढाच आहे.

बे_एरियातला_सातारकर

@नागोयाहून, हे वाचून रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. खरं सांगतो, ह्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

अमेरिकेतही तेच दिसतं. बेब रूथ १९१६ ला बॉस्टनसाठी २३ मॅच जिंकलेला पिचर. १९१८ ला १३ मॅच जिंकला आणि ११ होमरन मारून लीगमध्ये बरोबरीने पहिला आला. पण पिचिंग नसेल त्या दिवशी त्याला आउटफिल्डला उभं राहावं लागायचं, आणि यांकीजकडे गेल्यावर पिचिंग जवळजवळ संपलंच. त्याला डीएचची सोय असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. आणि निग्रो लीगमधला बुलेट रोगन, क्यूबाचा मार्टिन डिहिगो, हे वर्षानुवर्षं दोन्ही करत होते, पण गोऱ्यांच्या लीगची दारं त्यांना बंद. आपण शंभर वर्षांत रूथनंतर थेट ओहतानी म्हणतो तेव्हा ह्या लोकांवर अन्याय करतो.

२०२१ मध्ये ओहतानी बॅटिंग करत पिचिंगला उतरला की एंजल्सचा डीएच जायचा, पिचिंगवरून उतरल्यावर बॅट चालू ठेवायची तर त्याला राइट फिल्डला जाऊन उभं राहावं लागायचं. त्या वर्षी ४६ होमरन आणि ९ विजय. ऑलस्टार मॅचपुरता त्याच्यासाठी नियम वाकवला आणि २०२२ पासून तो कायमचा केला, पिचर स्वतःचाच डीएच असू शकतो आणि पिचिंगवरून गेला तरी बॅटिंगला राहतो. पहिल्याच वर्षी १५ विजय, ३४ होमरन.

पण माझा आग्रह थोडा शिल्लक आहे. २०२१ मध्ये अटलांटिक लीगने एक प्रयोग केला होता, सुरुवातीचा पिचर मैदानात आहे तोवरच डीएच, पिचर काढला की डीएचही गेला. मग मॅनेजरला परत ती तगमग, पिचरला अजून ताणू की काढू, काढला तर मोठा बॅटर जातोय. हे मला आवडेल.

कल्याण_लोकल

हे इम्पॅक्टला पण लावा राव!

आकडेमोड

@सातारकर, त्या प्रयोगावर मी विचार करायला तयार आहे. फक्त दुसऱ्याच इनिंगमध्ये पिचर दुखावला तर टीमने तिथून पुढे डीएचशिवाय खेळायचं का, त्यावर आधी तोडगा पाहिजे.

अवांतर, नॅशनल लीगमध्ये डीएच १९८० लाच आला असता. मतदान होतं, फिलीजच्या वतीने उपाध्यक्ष बिल जाइल्स बसलेले. नियम लगेच नाही, १९८२ पासून लागू होणार असं कळल्यावर त्यांना मालकाला विचारायचं होतं, आणि मालक रूली कारपेंटर मासेमारीला गेलेले, संपर्कच होईना. जाइल्सनी मत दिलं नाही. पिट्सबर्गच्या माणसाला सूचना होती की फिलीज जे करतील ते करायचं, त्यानेही दिलं नाही. शेवटी चार बाजूने, पाच विरुद्ध, तीन तटस्थ. एका मासेमारीने पिचरांना पुढची चाळीस वर्षं बॅट मिळाली. तुमच्या वडिलांनी जे बघितलं ते त्या मतदानामुळे.

जळगावची_शॉर्टस्टॉप

सॉफ्टबॉलवाल्यांनी बोलायला नको का? आमच्या जळगावात शाळा-शाळांत सॉफ्टबॉल आहे, मी आठ वर्षं खेळले. आमच्या टीमची पिचर तीच चौथ्या नंबरची बॅटर, कुणी ठरवलं नव्हतं, तिचं अंग तसं होतं. ज्या मुलीचा हात, कंबर आणि पाय एका वेळी फिरतात ती दोन्ही करू शकते, पिचिंगमध्ये पण जोर कंबरेतून येतो आणि बॅटिंगमध्ये पण. लहान गावात वेगळी बॅटर आणायची कुठून, जी चांगली तीच सगळं करायची. मोठ्या ठिकाणी पर्याय मिळतात म्हणून कामं वाटली जातात.

@पिचरची_आई, मुलाला सांगा पिचिंग करून हात जड झाला असेल तर बॅट जरा वरून धरायची, दोन बोटं वर. फटका छोटा बसतो पण बॉलला लागते. आणि हवेत फिरवणं चांगलं आहे पण कुणीतरी बॉल टाका त्याला, अगदी तुम्ही टाकला तरी चालेल.

नागोयाहून

१७ ऑक्टोबर २०२५ बद्दल लिहायचं राहिलं. अमेरिकेत शुक्रवार संध्याकाळ, आमच्याकडे शनिवार सकाळ. मी कटिंगला गेलो होतो, कोपऱ्यात छोटा टीव्ही, डॉजर्स विरुद्ध मिलवॉकी, जिंकले तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल. ओहतानीने पहिल्या इनिंगला पहिल्याला वॉक दिला आणि पुढचे तीन स्ट्राइकआउट. मग स्वतःच पहिला बॅटिंगला आला. न्हाव्याने कात्री माझ्या कानाजवळ धरलेली तशीच थांबवली. होमरन. तो सत्तरीचा माणूस, ड्रॅगन्सचा जुना पाठीराखा, पिचरने बॅटिंग केलीच पाहिजे असं मला प्रत्येक वेळी सांगणारा. नंतर आणखी दोन होमरन, सहा इनिंग पिचिंग, दहा स्ट्राइकआउट, एकही रन नाही. माझी कटिंग दीड तास चालली. निघताना तो म्हणाला, ह्याला डीएच म्हणायचं की पिचर, मला सांगता येत नाही.

बे_एरियातला_सातारकर

@नागोयाहून, मी ती मॅच इथे बघत होतो. जायंट्सवाला असून डॉजर्सच्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

ग्रिंकीचं पण लिहून ठेवतो, कुणी लिहिलं नाही म्हणून. २०२१ ची वर्ल्ड सिरीज, पिचर बॅटिंगला येणारी शेवटची. पाचव्या मॅचमध्ये ह्यूस्टनने झॅक ग्रिंकीला पिंच हिटर म्हणून पाठवलं, पिचिंगला नाही, फक्त बॅटिंगला. त्याने हिट मारली. वर्ल्ड सिरीजमध्ये पिंच हिटर म्हणून पिचरची हिट १९२३ नंतर पहिलीच. जाता जाता झालं एवढं.

पिचरची_आई

उशिरा लिहितेय, मधे दोन मॅच झाल्या.

कोचला नियमाबद्दल विचारलं. त्याला माहीत होता, म्हणाला आमच्या टीममध्ये कुणी मागितलाच नाही. मग म्हणाला एका मॅचला बघू. मुलाला आधी सांगितलं नाही मी, त्याला लाइनअपच्या कागदावरच कळलं, सातव्या नंबरवर नाव.

@जळगावची_शॉर्टस्टॉप, आठवडाभर मीच बॉल टाकत होते पार्किंगमध्ये, टेनिसचे, माझे निम्मे बॉल त्याच्या पायाशी. दोन बोटं वर धरायचं सांगितलं, तो म्हणाला हे तुला कुणी शिकवलं, म्हटलं जळगावहून आलंय.

पहिल्या वेळी स्ट्राइकआउट. दुसऱ्या वेळीही. तोवर चार इनिंग पिचिंग करून झाली होती, पाचव्याला कोचने त्याला माउंडवरून काढला आणि मला वाटलं झालं, पण बॅटिंगला ठेवला. तिसऱ्या वेळी बॉल सेकंड बेसच्या डोक्यावरून हळूच पडला, सिंगल. बेसवर पोचल्यावर त्याने पहिल्यांदा खांदा फिरवून बघितला, ठीक होता.

बॅट आता गॅरेजमधून त्याच्या बॅगेत आली आहे. जुनी त्याला आखूड पडायला लागलीय, ३१ इंची आहे, तो पाच फूट दहा झालाय. शाळेच्या बॅटला इंच आणि औंसात तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही एवढं कळलं मला, पण ३२ घेऊ की ३३? पिचिंग करून दमलेल्या हाताला कुठली झेपेल? कुणाला अनुभव असेल तर सांगा, शनिवारच्या आत घ्यायची आहे.

जळगावची_शॉर्टस्टॉप

३२ घ्या. दुकानात त्याला एका हाताने आडवी धरायला सांगा, खांद्याच्या रेषेत, वीस मोजेपर्यंत. हात खाली गेला तर ती नको.